आत किती, बाहेर किती

"फोडतंय म्हणा नको गो बाय. वाढवतंय म्हण."

म्हातारीने सुनेचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि तो सोडायला ती तयार नव्हती. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला पक्कड घेऊन उभी होते.

"बरा, वाढवतंय," मी म्हटलं. "पण आत्ताच करूक व्हया, आये. उशीर झालो तर हाताक रगात पोचाचा नाय."

"झील माझो दर्यार आसा. बोटीवरसून येवक नाय अजून. तो थंय, आणि हय तेच्या बायलेची काकणां..."

"तेका काय होवचा नाय."

"तुका काय म्हायत?"

मला खरंच काही माहीत नव्हतं. एवढंच दिसत होतं की तिच्या सुनेच्या, सुगंधाच्या मनगटावरच्या हिरव्या बांगड्या मांसात रुतल्या आहेत. दोन बांगड्यांमधली कातडी फुगून काचेच्या वर आली होती आणि बोटं गार पडत चालली होती. तीन दिवसांपूर्वी ती दाखल झाली तेव्हा याच बांगड्या मी सहज कोपराकडे सरकवून सुई टोचली होती.

शेवटी म्हातारीनेच माझ्या हातातली पक्कड काढून घेतली. मी बांगड्यांखाली सरकेल तेवढी पट्टीची घडी सरकवली. "बा देवा म्हाराजा," असं पुटपुटत तिने एकेक बांगडी दाबली. काचेचे तुकडे तिने पदरात गोळा केले, गाठ मारली. मग सुनेच्या मनगटावरचे जांभळे वळ बघत राहिली आणि मला म्हणाली,

"ही फुगता कित्याक गो? तीन दिस जेवक नाय, खावक नाय. तरी फुगता."

"डॉक्टरांका इचारतंय," मी म्हटलं.

मला पंधरा-सोळा वर्षांनंतरही तो प्रश्न शब्दन् शब्द आठवतो. अडाणी बाई होती, सही करायला अंगठा पुढे करायची. पण त्या आठवड्यात आमच्या आयसीयूत तो प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नव्हता.

कुडाळातलं ते साठ खाटांचं रुग्णालय. आयसीयू पाच खाटांचा. त्या वर्षी भात पसवायच्या, कणसं बाहेर पडायच्या दिवसांत लेप्टोचा ताप असा पसरला की पाचही खाटा महिनाभर रिकाम्या पडल्या नाहीत. उंदरांच्या मुतातून शेतातल्या पाण्यात उतरणारा हा रोग. पायाला भेग असली, की त्यातून आत शिरतो. माणूस सकाळी शेतातलं तण काढायला, बेणणीला जातो आणि चौथ्या दिवशी डोळे लाल, लघवी बंद, प्रेशर खाली. आम्ही तिघी सिस्टर होतो, त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर. म्हणजे दोघी. एक ड्युटी संपली की दुसरी तिथेच सुरू व्हायची. माझे पाय संध्याकाळी इतके दुखायचे की घरी गेल्यावर चपला काढायच्या आधी मी उंबऱ्यावरच बसायची.

डॉक्टर नाबर तर त्याहून दमलेले. पन्नाशी उलटलेला माणूस, फिजिशियन एकटाच, बाहेरची ओपीडी आणि आतल्या पाच खाटा त्याच्याच अंगावर. राउंड घेताना ते भिंतीला टेकून उभे राहायचे. पण त्यांनी माणसं वाचवलीही होती. प्रेशर पडलेला रोगी आला की पहिल्या तासात सलाईनच्या बाटल्या धडाधड चढवायच्या, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं, आणि त्याने माणसं आमच्या डोळ्यांसमोर उठून बसली होती. त्यामुळे प्रेशर पडलं की सलाईन, हे आमच्या हातालाच बसून गेलं होतं. विचार करावा लागत नव्हता. विचार करायला ताकदही नव्हती.

सुगंधा घाडी एकतीस वर्षांची. पहिल्या दिवशी चार लिटर गेलं, ते योग्यच होतं. दुसऱ्या दिवशी प्रेशर पुन्हा पडलं, पुन्हा सलाईन. तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्या तिसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही बांगड्या वाढवल्या.

त्यानंतर मी चार्ट घेऊन बसले. आत किती गेलं, बाहेर किती आलं, हे आम्ही रोज लिहायचो. चार्टवर तीन दिवसांत साडेसहा लिटर आत उरलं होतं. पण चार्टवर फक्त मोठ्या बाटल्या लिहिलेल्या. अँटिबायोटिक ज्या शंभर मिलीच्या छोट्या बाटलीतून जातं ती कुणी धरत नव्हतं. प्रेशरचं औषध ज्या पाण्यातून दिवसभर थेंबथेंब जातं ते धरत नव्हतं. सुई तुंबू नये म्हणून आम्ही दर वेळी मारतो ते पाणीही नाही. मी सगळ्या औषधांची यादी काढून एकेक ओळ धरत गेले. दोन वेळा बेरीज केली. नऊ लिटरच्या वर गेली.

मला माझ्याच बेरजेवर विश्वास बसेना. चौदा तास उभ्या असलेल्या बाईच्या बेरजेवर डॉक्टर तरी कसा विश्वास ठेवतील? म्हणून मी ते केलं, जे करायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

सुगंधाला छातीच्या एक्स-रेसाठी खाली न्यायचं होतंच. पहिल्या दिवशी ती सासूच्या खांद्याला धरून स्वतः चालत आली होती, तेव्हा ओपीडीत तिचं वजन घेतलेलं होतं. सेहेचाळीस किलो. आमच्याकडे पडलेल्या माणसाचं वजन घ्यायची सोय नव्हती. पण रुग्णालयाच्या मागे भाताची गिरणी होती आणि गिरणीत गोणी तोलायचा काटा. एक्स-रेवाल्या लवूला मी म्हटलं, "काटा घेऊन ये. इचारू नको."

त्याने आणला. काट्यावर आडवी फळी टाकली. आधी रिकामं स्ट्रेचर, चादर, उशी तोलून घेतलं. मग दोन आया, लवू आणि मी, चौघांनी सुगंधासकट स्ट्रेचर उचलून फळीवर ठेवलं. ऑक्सिजनचा मास्क तोंडावर, सिलेंडर बाजूला. स्ट्रेचरची पाठ पलंगापेक्षा जरा खाली होती तर तिला तेवढंही सोसेना, बुडणाऱ्या माणसासारखी ती हवा ओढायला लागली. लवूने आकडा मोठ्याने वाचला, आम्ही तिला लगेच उचललं. सगळं मिळून अर्धं मिनिट.

वर आले तर डॉक्टर नाबर पलंगापाशी उभे. बातमी माझ्या आधी पोचली होती.

"धुरी सिस्टर, कुणाच्या परवानगीने?"

"कुणाच्याच नाही, सर."

"प्रेशर ऐंशी असलेला पेशंट तुम्ही गोणीच्या काट्यावर घातलात?"

"हो, सर."

त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. त्या दिवशीही चढला नाही. त्यांच्या हातात सलाईनची अर्ध्या लिटरची नवी बाटली होती. त्यांनी ती माझ्यापुढे धरली. "ही लावा. आपण नंतर बोलू."

मी बाटली घेतली. लावली नाही.

"चोपन्न भरली, सर. आली तेव्हा सेहेचाळीस होती."

"ताप आहे. काटा जुना असेल."

"काट्यावर आधी मीच उभी राहिले. माझं वजन बरोबर दाखवलं त्याने." मी चार्टमागे लिहिलेली बेरीज त्यांच्यापुढे धरली. "नऊ लिटर आत उरलंय. एखादं लिटर घामातून, श्वासातून गेलं असेल. बाकी सगळं तिच्या अंगात आहे."

त्यांनी कागद घेतला नाही. "पाणी थांबवलं तर किडनी जाईल."

"किडनी कालपासून काही करतच नाही, सर. चोवीस तासांत दोनशे मिली."

"फुप्फुसात रक्तस्राव असेल. लेप्टोत होतो."

"असेल. पण मग बांगड्या का रुतल्या?"

ते पलंगावर वाकले. सुगंधाच्या नडगीवर अंगठा दाबून धरला, उचलला. खळगा तसाच राहिला. एरवी राउंडला रोज ते प्रत्येक रोग्याच्या पायाला हात लावायचे. गेले आठ दिवस कुणाच्याच लावला नव्हता. मग स्टुलावर बसले आणि तळव्यांनी डोळे चोळले, इतका वेळ की मला वाटलं, झोप लागली.

"सिस्टर, हृदयाला आपण पंप म्हणतो," ते डोळ्यांवरचे हात न काढता म्हणाले. "ते नुसता पंप नाही. आत पाणी जास्त झालं, त्याच्या भिंती ताणल्या गेल्या, की ते स्वतःच एक हार्मोन रक्तात सोडतं. किडनीला निरोप धाडतं. मीठ सोड, पाणी सोड, मला आता झेपत नाही."

"मग हिची किडनी ऐकत का नाही?"

"जंतूंच्या माऱ्यात ती बहिरी होते. हृदय बापडं ओरडत राहतं."

"ते ओरडणं मोजता येतं?"

"गोव्यात येतं. रक्त पाठवावं लागेल." त्यांनी हात काढले. डोळे सुगंधाच्या डोळ्यांइतकेच लाल होते. "पण किडनी बिघडली की तो आकडा तसाही चढतो. जंतुसंसर्गातही चढतो. एकट्या त्याच्या भरवशावर मी या बाईचं पाणी काढायला जाणार नाही. प्रेशर ऐंशी आहे. काढायला गेलो आणि प्रेशर कोसळलं तर ती आपल्या हातून गेली."

"आणि नाही काढलं तर?"

ते उठले. माझ्या हातातली बाटली परत घेऊन त्यांनी ट्रेमध्ये ठेवली. "आत्ता ही नको. औषधं शक्य तितक्या कमी पाण्यातून द्या. रक्त काढा."

बर्फ भरलेल्या थर्मासात घालून ते रक्त मी दुपारच्या पणजी गाडीच्या कंडक्टरकडे दिलं. संध्याकाळी डॉक्टरांनी सोनोग्राफीचं मशीन स्वतः ढकलत आणलं. पोटातली मोठी शीर, जी श्वासागणिक आक्रसायला हवी, ती तट्ट भरलेली होती. ते पडद्याकडे बघत राहिले, मग मशीन बंद केलं. "उद्या फोन येऊ दे," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एक वाजता फोन आला. निरोगी माणसात शे-सव्वाशे असणारा तो आकडा सुगंधाचा अठरा हजार होता. डॉक्टरांनी तो माझ्या पॅडवर लिहिला, खाली वजन लिहिलं, खाली नऊ लिटर. तिन्हींभोवती एक वेडंवाकडं वर्तुळ काढलं. "यातला एकेक आकडा खोटं बोलू शकतो," ते म्हणाले. "तिघं मिळून नाही बोलणार."

प्रेशरचं औषध थोडं वाढवलं आणि लघवी सुटण्याचं औषध पंपातून थेंबथेंब चालू केलं. मग वाट बघणं. मी आयुष्यात खूप वाट बघितली आहे, पण त्या दुपारसारखी नाही. पहिल्या तासात प्रेशर शहात्तरवर आलं आणि लघवीच्या पिशवीत थेंब नाही. म्हातारी दाराच्या काचेला नाक लावून उभी. डॉक्टर माझ्याकडे बघत नव्हते, मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मनात एकच चाललं होतं: ही बाई मेली तर ती माझ्या बेरजेने मेली.

तीन वाजता पंधरा मिली. गडद, चहासारखी. चारला आणखी वीस. प्रेशर ब्याऐंशी. पाचला मी खाली वाकले तर नळीत धार दिसली. धारच म्हणायची, दोऱ्याएवढी बारीक. पण तुटत नव्हती. दिवेलागणीला पिशवीत तीनशे होती आणि सुगंधाने मास्कच्या आतून पहिल्यांदा काहीतरी म्हटलं. मी कान जवळ नेला.

"आये खंय आसत?"

मी दार उघडून म्हातारीला आत घेतलं. नियमात बसत नव्हतं.

चार दिवसांत सात किलो पाणी उतरलं. मनगट बारीक झालं, चेहऱ्याला गालफडं आली, एक्स-रेतली पांढरी धुई विरली. नवरा बोटीवरून आला तो थेट बंदरातून, अंगाला मासळीचा वास, आणि आयसीयूच्या दारात उभा राहून लहान मुलासारखा रडला. सतराव्या दिवशी ती आली तशीच, सासूच्या खांद्याला धरून चालत गेली.

ती गेली त्या दुपारी डॉक्टर नाबर माझ्या टेबलापाशी आले. खुर्ची ओढून बसले. असं ते कधी बसत नसत.

"सिस्टर, एक विचारू? तुम्ही कधी माझ्यासमोर बोलत नाही. बारा वर्षं काम करताय. त्या दिवशी बाटली हातात घेऊन लावली नाहीत. एवढी खात्री कुठून आली?"

मी कपाटातून जुलैच्या केसपेपरांचा गठ्ठा काढला. त्यातला एक आधीच वेगळा ठेवलेला होता. तो त्यांच्यापुढे ठेवला.

विश्राम राऊळ, नेरूर, वय अठ्ठावन्न. लेप्टोच. लावणीच्या दिवसांतला आमचा पहिला रोगी. पाचव्या दिवशी गेला. मृत्यूच्या दाखल्यावर फुप्फुसाचं कारण लिहिलेलं. त्याच्या चार्टच्या मागे मी पेन्सिलने बेरीज केली होती, त्याच पद्धतीने, छोट्या बाटल्या धरून. अकरा लिटर. बेरजेखाली तारीख होती. तो जायच्या आदल्या दिवशीची.

डॉक्टरांनी ती तारीख बराच वेळ वाचली.

"तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं."

"हो, सर."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही दमला होता. मीही दमले होते. वाटलं, तुम्हाला दिसतच असेल."

"हे कारण नाही, सिस्टर."

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी पेन्सिलची बेरीज पुन्हा एकदा बोटाने तपासली. मग म्हणाले, "कदाचित तो तसाही गेला असता. कदाचित नसता. आता कळायचं नाही." उठताना त्यांनी पेपर मिटून माझ्याकडे दिला. "चार्ट माझ्या नावावर आहे, तुमच्या नाही. उद्यापासून राउंड सुरू व्हायच्या आधी तुम्ही बेरीज मोठ्याने वाचायची. मी थांबवलं तरी वाचायची."

मी निवृत्त होईपर्यंत वाचली. त्यांनी कधी थांबवलं नाही.

पण मला तेवढ्याने झोप लागेना. दिवाळीनंतर पहिली सुट्टी मिळाली तशी मी नेरूरला गेले. कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, माणूस परत येणार आहे का? आणि त्यांचं बरोबरच होतं.

राऊळांचं घर माडांच्या बागेत, खळ्यात भात वाळत घातलेलं. विश्राम राऊळांची बायको सत्यवती पायाने भात परतत होती. मला तिने लगेच ओळखलं. खुर्ची आणली, पाणी आणलं, चहा ठेवायला आत गेली. "तुम्ही खूप केल्यात ओ," ती आतूनच म्हणाली. "पाच दिस झोपूक नाय तुम्ही. मी सगळ्यांका सांगतंय."

चहाचा कप तिने माझ्या हातात दिला तो मी खाली ठेवला. वाटेत शब्द जुळवले होते, ते सगळे विसरले.

"वयनी, तेंच्या आंगात पाणी जास्त झाला होता," मी म्हटलं. "आम्हीच दिलेला. आदल्या दिवशी माका दिसला. मी कोणाक बोलूक नाय."

ती उभीच होती. मग खळ्याच्या कडेला बसली. कोंबडी भातावर आली तिला हाकललं. मला वाटलं ती आता मला जा म्हणेल. ती रडली तरी चाललं असतं, शिव्या दिल्या तरी. ती भातातले खडे वेचत राहिली, एकेक करून बाजूला ठेवत.

"शेवटच्या दिसा तुम्ही माका आत सोडल्यात मां," ती म्हणाली, "तेव्हा तेंचा त्वांड माका वळखाक येय ना. डोळे असे बारीक झाल्ले. चाळीस वर्सां बघलेला त्वांड. मी भायर येवन बाकड्यार बसलंय."

 खडे वेचणारा तिचा हात थांबला.

"माका पण दिसला होता गो बाय. मी पण बोलूक नाय. माका वाटला, तुमका दिसता आसतला."

चहा गार झाला होता. मी तो उचलून प्यायले. मग तिच्या शेजारी खळ्यात बसले आणि आम्ही दोघी ऊन उतरेपर्यंत भातातले खडे वेचत राहिलो.